नागपूर मध्यावर आहे, पण धंद्याला त्याचा उपयोग किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात गोदाम, डेपो किंवा लहानसा कारखाना टाकायचं मनात असलेली माणसं फोनवर जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी मालवाहतूक आणि गोदामांच्या व्यवहारात आहे, जमीन विकत नाही. त्यामुळे जिथे नागपूर नको, तिथे नको असंच लिहिलं आहे.

नागपूर खरंच भारताच्या मध्यावर आहे का?

झिरो माईलचा खांब आणि त्याशेजारचे चार दगडी घोडे पाहिले की तसं वाटतं खरं. १९०७ सालचा हा खांब ब्रिटिशांच्या मोजणीतला. आजच्या भारताच्या नकाशाचा भौगोलिक मध्य काढला तर तो मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाजवळ येतो. हे ऐकून पुष्कळ नागपूरकरांचा चेहरा पडतो. पण करौंदीत कुणी कंटेनर उतरवायला जात नाही.

धंद्याला रूळ आणि रस्ते कुठे एकमेकांना कापतात त्याच्याशी मतलब. रेल्वेने मुंबई ते हावडा साधारण १,९६८ किलोमीटर. त्यात मुंबई ते नागपूर ८३७ आणि पुढे हावड्यापर्यंत ११३१. दिल्ली ते चेन्नई साधारण २,१८० किलोमीटर, आणि त्यात नागपूर जवळजवळ बरोबर निम्म्यावर. हा मध्य मात्र खरा आहे.

बरं, मध्यावर असल्याने माझे पैसे कुठे वाचतात?

वाचतात ते मुख्यतः पडून राहणाऱ्या मालात. वाहतूकखर्चाचा नंबर त्यानंतर. लोक उलटं धरून बसतात.

समजा तुम्ही शेतीपंपाचे सुटे भाग बनवता आणि तुमचे डीलर विदर्भ, छत्तीसगड, महाकोशल आणि तेलंगणात आहेत. रायपूर, जबलपूर, हैदराबाद आणि नागपूर अशी चार गोदामं ठेवलीत, तर प्रत्येक ठिकाणी प्रत्येक भाग थोडा जास्तीचा ठेवावा लागतो, कारण पुढच्या महिन्यात कुठे काय खपेल हे कुणाला ठाऊक? यंदा जबलपूरकडे पाऊस ओढ देतो, तिकडे मोटारींचे भाग धडाधड जातात; रायपूरकडे धान तुंबलंय, तिथे तेच भाग धूळ खात पडतात. एकाच गोदामात सगळं ठेवलं तर इकडची घट तिकडची वाढ भरून काढते आणि जास्तीचा माल एकदाच ठेवावा लागतो. माल म्हणजे शेवटी बँकेच्या व्याजावर उभा असलेला पैसाच.

हे जमतं ते अंतरामुळे. नागपूरहून जबलपूर आणि रायपूर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या आत, भोपाळ साडेतीनशेच्या आसपास, हैदराबाद सुमारे पाचशे. संध्याकाळी सातला गाडी भरली की रायपूरचा दुकानदार सकाळी शटर उघडतो तेव्हा माल दारात असतो. डीलरला दुसऱ्या दिवशी माल मिळत असेल तर तो तुमचं गोदाम कुठे आहे हे विचारत नाही.

पटकन खपणारे भाग असतील तर गोष्ट वेगळी. त्यांचा थोडा साठा डीलरच्या गावीच हवा. एका गोदामाची युक्ती रेंगाळणाऱ्या मालाला जास्त लागू पडते, आणि बहुतेकांच्या यादीत तसाच माल जास्त असतो.

नागपूर तर तिथेच होतं. मग सगळे गेल्या काही वर्षांतच का बोलायला लागले?

करामुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी नागपुरातून रायपूरच्या डीलरला बिल केलं की सी फॉर्मवर (सवलतीच्या करासाठी खरेदीदार द्यायचा तो कागद) २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि त्याचा परतावा नव्हता. तोच माल स्वतःच्या रायपूरच्या गोदामात 'बदली' म्हणून पाठवला आणि तिथून विकला, तर तो २ टक्के वाचायचा. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत गोदामं आणि सी अँड एफ एजंट (कंपनीचा माल ठेवून पुढे पाठवणारे) ठेवायच्या. माल कुठे ठेवायचा हे नकाशा नाही, करसल्लागार ठरवायचा. शेजारच्या राज्यांच्या नाक्यांवर कागद दाखवण्यात जायचा तो वेळ वेगळाच. जीएसटी आल्यावर हे कारण संपलं आणि अंतराला पहिल्यांदा खरी किंमत आली.

शहरातली जुनी गोष्टही अशीच. अमरावती रोडवर वाडीत गोदामांची आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची एवढी गर्दी का, तर वाडी महापालिकेच्या हद्दीबाहेर होती, म्हणजे जकातीच्या बाहेर. जकात गेली, मागून आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांच्या मानेवरून उतरला, पण गोदामं आणि हमाल तिथेच राहिले. धंद्याची वस्ती एकदा बसली की तिचं मूळ कारण मेलं तरी ती हलत नाही.

कोणकोणते महामार्ग नागपुरातून जातात?

श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा, सुरतेकडून ओडिशाच्या पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा, आणि बैतूल-इंदूरमार्गे गुजरातेत उतरणारा ४७ क्रमांकाचा. जुने ड्रायव्हर अजून 'सात नंबर' आणि 'सहा नंबर' म्हणतात. ते अनुक्रमे ४४ आणि ५३ समजायचे. शिवाय समृद्धी.

समृद्धी महामार्गाने ट्रकवाल्याला काय मिळालं?

कारवाल्याला जेवढं मिळालं तेवढं नाही, पण कमीही नाही.

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. कारला ताशी १२० ची मुभा आहे, ट्रकला ८० ची. त्यामुळे 'आठ तासांत मुंबई' ही जाहिरात मालाच्या गाडीला लागू नाही, ती डोक्यातून काढा.

ट्रकला मिळालेला फायदा भरवशाचा आहे. जुन्या रस्त्याने जाताना प्रत्येक तालुक्याचं गाव, प्रत्येक आठवडी बाजार, प्रत्येक फाटक आणि शेवटी कसारा घाट, यातलं कुठे किती वेळ जाईल सांगता येत नसे. तीस तास म्हणायचं आणि चाळीस धरून चालायचं. समृद्धीवर गाडी सलग चालते, म्हणजे पोचायची वेळ आधी सांगता येते. भिवंडीच्या गोदामात सकाळी सहा ते आठ अशी उतरवायची वेळ मिळाली असेल, तर ती गाठता येणं याला पैशात मोल आहे. वेळ हुकली की गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत गेटबाहेर उभी राहते आणि थांबल्याचं भाडं तुमच्या बिलात येतं.

टोल मात्र टोचतो. म्हणून सिमेंट, लोखंड, कोळसा असा जड आणि स्वस्त माल नेणारे बरेच मालक जुन्याच रस्त्याने जातात. औषधं, फळं, कुरिअरची पार्सलं, गाड्यांचे सुटे भाग यांना समृद्धी परवडतो. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: मे महिन्यात दुपारी काँक्रीटवरून सलग चार तास भरलेली गाडी पळवली की टायर बोलायला लागतात. अनुभवी ड्रायव्हर दुपारी गाडी सावलीत लावतो आणि रात्री काढतो. त्याला घाई लावू नका.

शक्तिपीठ महामार्ग येणार म्हणतात. त्या हिशेबाने जागा घ्यावी का?

नका घेऊ. नागपूर-गोवा रस्त्याच्या जमिनीवरून वाद आहेत. रस्ता झाला की बघता येईल. आज भाडं आजच्या रस्त्याचं भरायचं असतं.

रेल्वेचं काय? नागपूर तर मोठं जंक्शन.

मोठं म्हणजे किती, हे मोहननगरकडे जाऊन बघा. तिथे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दिशांचे रूळ एकमेकांना चौकटीत कापतात, तो प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग. एकाच शहरात रेल्वेचे दोन विभाग, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. मालगाडीची चौकशी करताना पहिला प्रश्न हाच असतो: तुमचं काम कुणाकडे? पूर्वेकडचा माल असेल तर बहुतेक दुसऱ्याकडे. नवखा माणूस चुकीच्या खिडकीवर एक दिवस घालवतोच.

मुंबईहून येणारा रूळ १८६७ साली नागपुरात पोचला. पुढच्याच दशकात जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल उभी केली आणि १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. कापडाच्या गिरण्या मुंबईत असताना इथे का? कापूस विदर्भाचा, मग तो गाठी बांधून मुंबईला न्यायचा कशाला, इथेच सूत काढून तेच न्यावं. त्यांना कर्ज नाकारणारा एक स्थानिक सावकार म्हणाला होता की हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, आणि पुढे त्यानेच कबूल केलं की यानं माती टाकून सोनं काढलं, असा किस्सा अजून सांगितला जातो. 'मध्यवर्ती नागपूर' ही कल्पना आजच्या पुढाऱ्यांना सुचली असं समजणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

आता व्यवहाराचं. रेल्वे कुणी वापरावी? ज्याचा माल जड आहे, दर आठवड्याला ठरलेला आहे आणि एक दिवस उशीर झाला तरी चालतो, त्याने. कोळसा, सिमेंट, लोखंड, तांदूळ, निर्यातीचे कंटेनर. महिन्याला दोन ट्रक माल असणाऱ्याने रेल्वेच्या भानगडीत पडू नये. दोन्ही टोकांना माल ट्रकनेच आणावा-न्यावा लागतो, दोनदा हमाली लागते आणि बचत तिथेच संपते. शिवाय वर्धा-नागपूर पट्ट्यात गाड्यांची गर्दी इतकी, की तिसऱ्या-चौथ्या मार्गाची वाट सगळेच बघत असतात. प्रवासी गाडीला आधी वाट मिळते, मालगाडी बाजूला उभी राहते. दादरी-जेएनपीटी (मुंबईजवळचं बंदर) आणि लुधियाना-सोननगर हे मालगाड्यांचे खास मार्ग नागपुरातून जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

नागपुरात येताना भाडं जास्त आणि जाताना कमी असं का? कधी उलटंही असतं.

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, विचारतात फार थोडे.

ट्रकचं भाडं फक्त किलोमीटरवर ठरत नाही, परतीचा माल मिळेल की नाही यावर ठरतं. वाडीत सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या ब्रोकरच्या टपरीवजा ऑफिसात बसून पाहा. एका कानाला फोन, दुसरा फोन टेबलावर वाजतोय, समोर वहीत गाड्यांचे नंबर. 'चौदा टायर, हैदराबाद, आज भरायची आहे काय?' पलीकडचा ड्रायव्हर दोन दिवसांपासून रिकामा उभा आहे. तो डिझेल आणि टोल सुटला तरी निघेल, कारण त्याला घर तिकडेच आहे. त्या क्षणी हैदराबादचं भाडं पडतं. आणि त्याच सकाळी पाटण्याकडे जायला एकही गाडी नसेल, तर ते भाडं चढतं. अंतराशी याचा संबंध थोडाच.

नागपुरातून बाहेर जाणारा माल कोणता? आसपासचा कोळसा आणि मँगनीज, चंद्रपूरकडचं सिमेंट, बल्लारपूरचा कागद, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, कापूस, संत्री, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांचा माल. आत येणारा माल: किराणा, औषधं, टीव्ही-फ्रीज, कपडा, यंत्रं. आत येतं ते बंद कंटेनरमधून, बाहेर जाणाऱ्यापैकी पुष्कळसं उघड्या गाडीतून. म्हणजे टीव्ही उतरवलेल्या कंटेनरला तांदळाची पोती भरता येतील, पण कोळसा भरता येणार नाही. चौक म्हणून गाड्या भरपूर मिळतात हे खरं, पण हव्या त्या प्रकारची गाडी हव्या त्या दिशेला मिळणं हा रोजचा खेळ आहे.

यातून तुमच्या कामाचं एवढंच: माल एक दिवस मागेपुढे पाठवायची सवलत तुमच्याकडे असेल, तर ब्रोकरला तसं सांगून ठेवा. 'परतीची गाडी मिळाली की भर' म्हटलं की भाड्यात ठळक फरक पडतो. संध्याकाळी पाचला 'आत्ता पाहिजे' म्हणणारा गिऱ्हाईक ब्रोकरचा सगळ्यात आवडता असतो. संत्र्याच्या हंगामात मात्र ही सवलत विसरा. गाड्या कळमन्याच्या बाजाराकडे वळतात आणि बाकीच्यांना वाट पाहावी लागते.

पार्ट लोड पाठवायचा असेल तर?

नागपूर यासाठी चांगलं ठिकाण आहे, कारण दहा जणांचा थोडा थोडा माल एकत्र करून चार दिशांना पाठवण्याचं काम इथे पिढ्यानपिढ्या चालतं. विचारायचं फक्त एक: माल वाटेत दुसऱ्या गाडीत चढवणार का? जितक्या वेळा चढ-उतार, तितक्या वेळा फूटतूट. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, नगांची संख्या आणि वजन दोन्ही लिहून घ्या. 'पाच नग' एवढंच लिहिलं आणि सहावा हरवला, तर तुम्ही सहावा दिला होता हे सिद्ध करायला काही नसतं. माझं एकदा तसं झालं आहे, एवढं सांगून पुढे जातो.

ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत लांबच्या राज्यांना पुरते का?

पुरते. २०० किलोमीटरला एक दिवस, त्यापुढच्या प्रत्येक २०० किंवा त्याहून कमी तुकड्याला आणखी एक. नागपूर-हैदराबाद पाचशे धरलं तर ३ दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, म्हणजे रात्री उशिरा काढलं तरी पूर्ण दिवस हाती राहतो. गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवून घेता येते. ड्रायव्हरच्या फोनची वाट न बघता हे काम ऑफिसातल्या एकाच्या गळ्यात घाला.

विमानतळ आणि त्यालगतचा मिहान प्रकल्प असताना हवाई मालाचं केंद्र नागपूर का झालं नाही?

गंमत अशी की नागपूर एकदा झालं होतं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंनी टपालाची विमानं रात्री नागपुरात उतरायची, आपापसांत टपालाची पोती बदलायची आणि उजाडायच्या आत परत फिरायची. मध्ये एक केंद्र आणि चारही बाजूंना फाटे ही युक्ती फेडएक्सने मेम्फिसमधून १९७३ साली सुरू केली आणि तिचं जगभर कौतुक झालं. नागपुरात ती त्याआधी चोवीस वर्षं चालू होती. मग लांब पल्ल्याची विमानं आली, मुंबईचं विमान थेट कलकत्त्याला जाऊ लागलं आणि सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायचं कारण उरलं नाही.

या एका गोष्टीत नागपूरचं बरं-वाईट सगळं आलं. आजही देशातली पुष्कळ विमानं नागपूरच्या डोक्यावरून जातात. कुणा प्रवाशाच्या छातीत दुखलं की खाली येतात. एरवी खिडकीतून दिवे दिसतात, तेवढंच.

मिहानचं पूर्ण इंग्रजी नाव उच्चारलं तर त्यात 'आंतरराष्ट्रीय कार्गो हब' आधी येतं. ते उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ ची. पुढे तिथे आलं काय? टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलसारखी सॉफ्टवेअरची ऑफिसं, विमानदुरुस्तीचा हँगर, दसॉल्ट-रिलायन्सचा विमानाच्या भागांचा कारखाना, एम्स, आयआयएम. चांगलंच आलं, तक्रार नाही. पण कार्गोचं विमान भरायला रोज इकडून पाठवण्यासारखा हलका आणि महागडा माल लागतो. औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, ताजी फळं-भाज्या. तो माल इथे पुरेसा तयार होत नाही तोवर हब होणार नाही. प्रवासी विमानांच्या पोटातून थोडा माल जातो, तेवढ्यावर लहान निर्यातदाराचं भागतं.

निर्यातीसाठी नागपूर सोयीचं की गैरसोयीचं?

समुद्राच्या हिशेबाने गैरसोयीचं. पश्चिमेला जेएनपीटी आणि पूर्वेला विशाखापट्टणम, दोन्ही आठशे किलोमीटरच्या आसपास. भिवंडीच्या कारखान्याला बंदर दोन तासांवर आहे, तुम्हाला नाही. हा खर्च कुठलीही योजना पुसून टाकत नाही.

सोय आहे ती कस्टमची. कॉनकॉर या सरकारी कंटेनर कंपनीच्या किंवा बोरखेडीच्या कंटेनर डेपोत माल तपासून, कंटेनरला सील लावून तो रेल्वेने बंदरावर जातो. बंदरावर पुन्हा उघडावा लागत नाही आणि तुमच्या माणसाला मुंबईत चार दिवस लॉजवर राहावं लागत नाही. माल पूर्वेकडे, म्हणजे आग्नेय आशियाकडे जाणार असेल तर विशाखापट्टणमचा भावही मागवून पाहा. सगळे सवयीने मुंबई म्हणतात.

गोदामासाठी कुठला भाग घ्यावा?

माल कुठल्या दिशेला जास्त जातो त्यावर. शहर आरपार ओलांडणं हा सगळ्यात महागडा प्रवास, कारण जड वाहनांना दिवसा बंदी असलेले रस्ते आणि चौकाचौकांतली बांधकामं. छत्तीसगड-ओडिशाकडे जाणारा माल असेल तर भंडारा रोडवर कापसीकडे, हैदराबादकडे आणि मिहानच्या आसपास काम असेल तर वर्धा रोड-बुटीबोरीकडे, अमरावती-अकोल्याकडे असेल तर वाडी. कारखाना टाकायचा असेल तर बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या एमआयडीसी. बाह्य वळण रस्ता झाल्यापासून एका महामार्गावरून दुसऱ्यावर जायला शहरात शिरावं लागत नाही, म्हणून त्याच्या लगतच्या जागांचे भाव चढले आहेत.

जागा बघायला कारने जाऊ नका. चाळीस फुटी कंटेनरच्या ड्रायव्हरला सोबत न्या. तो गेटवर उभा राहून दोन मिनिटांत सांगेल, गाडी आत वळेल की नाही, विजेची तार आडवी येते की नाही, रिव्हर्स घेताना नाली कुठे आहे. मालक सांगेल 'आरामात येते', पण गाडी त्याने चालवायची नसते. फरशी गाडीच्या डाल्याच्या उंचीला आहे का तेही बघा; नसेल तर प्रत्येक नग खांद्यावरून उतरणार आणि हमाली तशीच लागणार. अकृषक परवानगी आणि अग्निशमनाचा दाखला कागदावर मागा. तोंडी 'होऊन जाईल बाप्पा' यावर विमा कंपनी दावा देत नाही.

आणि पावसाळा बघितल्याशिवाय लांबचा करार करू नका. मी एक गोदाम जानेवारीत घेतलं, कोरडं ठणठणीत. मार्चमध्ये समोरच्या सर्व्हिस रोडवर नवा थर पडला, रस्ता फूटभर वर आला आणि गोदाम खाली राहिलं. जूनच्या दुसऱ्या पावसात पाणी शटरखालून आत. खालच्या रांगेतली खोकी चाळीस टक्के गेली. आता मी दाराशी उभा राहून आधी रस्त्याची आणि फरशीची उंची बघतो, भाड्याचं नंतर बोलतो.

उन्हाळ्याचा त्रास कितपत?

४५ अंश म्हणजे बातमी नाही, मे महिन्यातला साधा दिवस. पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. चॉकलेट, औषधं, रंग, चिकटपट्ट्या, सौंदर्यप्रसाधनं असा माल असेल तर छताला उष्णतारोधक थर आणि हवा खेळण्याची सोय पहिल्याच दिवशी करा. भरण-उतरण सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी काम काढलं तर हमाल येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

संत्र्याच्या व्यापाऱ्याला मध्यवर्ती जागेचा फायदा मिळतो का?

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांच्यापैकी कुठलीच बाजारपेठ फार दूर नाही. कागदावर याहून चांगलं फळाचं ठिकाण नाही. पण हे संत्रं सैल सालीचं, लवकर दबणारं. खोक्यात नीट न भरता गाडीत रचून टाकलं तर जवळचं अंतरही लांब पडतं. तोडणीनंतर धुणं, मेण लावणं, प्रतवारी आणि थंड साठवण यावर खर्च करणाऱ्याला अंतराचा फायदा मिळतो. आणि ज्याचा सगळा हिशेब बांगलादेशावर होता, त्याला तिथल्या आयातशुल्काने कसं जेरीस आणलं हे वरूड-काटोलकडे कुणालाही विचारा. तिथे रस्त्याचा काही दोष नव्हता.

कामगार मिळतात का? ते येणार कसे?

कुशल तंत्रज्ञ मिळतात. शहरात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आणि पुण्याला गेलेल्यांपैकी पुष्कळांना घरी परतायचं असतं. गोदामातल्या कामाला आसपासच्या गावांतून माणसं येतात. मेट्रोच्या नारिंगी मार्गाचं खापरी टोक मिहानशी आहे आणि अॅक्वा मार्गाचं लोकमान्यनगर हिंगण्याच्या एमआयडीसीजवळ. दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगर जोडायचे आहेत. तोवर बुटीबोरीला कंपनीची बस ठेवल्याशिवाय रात्रपाळी चालत नाही, आणि स्टेशनपासून गेटपर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर सगळीकडेच कामगाराच्या पायांवर आहेत.

कुणी नागपुरात येऊ नये?

ज्याचा कच्चा माल समुद्रातून येतो आणि तयार माल समुद्रातूनच जातो, त्याने. ज्याचं ऐंशी टक्के गिऱ्हाईक मुंबई-पुणे पट्ट्यात आहे, त्यानेही. त्याला भिवंडी किंवा चाकण बरं. ज्याला दोन तासांत घरपोच द्यायचं आहे, त्याला देशाचा मध्य नाही, गिऱ्हाईकाची गल्ली लागते. आणि ज्याला फक्त जमीन स्वस्त म्हणून यायचं आहे, त्याने आधी एक वर्ष भाड्याच्या गोदामात काढावं.

इतक्या सोयी असूनही नागपूर मागे का, असं सगळे विचारतात. तुमचं मत?

चौकात उभं असलेलं गाव गाड्या मोजत बसतं. ४४ वरून रोज जाणाऱ्या कितीतरी ट्रकांचं नागपूरशी नातं एका ढाब्यापुरतं आणि डिझेलच्या टाकीपुरतं असतं. हाच माल इथे उतरला, फोडला, तपासला, पुन्हा बांधला, त्याला लेबल लागलं, दुरुस्त झाला, तर प्रत्येक पायरीवर इथे कुणाच्या तरी हाताला काम लागतं. एम्प्रेस मिलने कापसाचं तेच केलं होतं. विमानदुरुस्तीचा हँगर आज तेच करतो आहे. वरून जाणाऱ्या विमानाला खाली उतरायचं कारण देतो.

म्हणून नवीन माणूस 'नागपुरात गोदाम टाकू का' विचारतो, तेव्हा मी उलटा विचारतो: तुमच्या मालाचं इथे काय होणार? नुसता ठेवणार आणि पुढे पाठवणार, एवढंच उत्तर असेल, तर भाव घासून मिळेल आणि उद्या रायपूरचा किंवा जबलपूरचा कुणी त्याहून घासून देईल. पन्नास कंपन्यांचे पंप उघडून दुरुस्त करणारं वर्कशॉप त्याच गोदामाच्या मागे काढणार असाल, तर बसून बोलू. कापसीकडे अशा दोन जागा सध्या रिकाम्या आहेत, एका जागेच्या गेटवर नाली आहे तेवढी बुजवून घ्यावी लागेल.